व्हॅम्पायर मालिका आणि तिची हातातली आवृत्ती : प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५, ओसाका

आजपासून या कामाची रीतसर नोंद ठेवत आहे. कॅपकॉम कंपनीने १९९४ ते १९९७ या चार वर्षांत आर्केडसाठी, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांसाठी, भुताखेतांच्या मारामारीचे पाच खेळ काढले. जपानमध्ये या मालिकेला ‘व्हॅम्पायर’ म्हणतात आणि जपानबाहेर ती ‘डार्कस्टॉकर्स’ या नावाने ओळखली जाते. या पाचही खेळांच्या नियमांची, पात्रांची आणि त्यांच्यातील फरकांची तुलनात्मक नोंदवही मराठीत तयार करायची, असा हा प्रकल्प आहे. लहानपणी पुण्यात व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये जे खेळ पाहिले त्यांत ही मालिका नव्हती, त्यामुळे तिच्याशी माझी ओळख नोकरीसाठी या शहरात आल्यावर झाली. ज्या शहरात ती घडली तिथेच राहत असताना हे काम केले नाही, तर पुढे ते माझ्या हातून होणार नाही.

खेळांचा क्रम असा आहे. ‘व्हॅम्पायर : द नाइट वॉरियर्स’ १९९४ मध्ये आला, ‘व्हॅम्पायर हंटर’ १९९५ मध्ये, आणि ‘व्हॅम्पायर सेव्हियर’ १९९७ मध्ये. त्याच वर्षी ‘हंटर २’ आणि ‘सेव्हियर २’ असे आणखी दोन खेळ निघाले, जे त्या वेळी जपानपुरतेच राहिले. हे पाचही खेळ सीपीएस-२ या कॅपकॉमच्या एकाच यंत्रणेवर चालणारे आहेत.

हाताशी तीन साधने आहेत. पहिले, इथल्या निप्पोनबाशी भागातल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून घेतलेले ‘सेव्हियर’चे निळ्या कवचातले मूळ बोर्ड, म्हणजे आर्केड यंत्राच्या आत बसणारा खेळाचा संच. दुसरे, सोनीचे पीएसपी हे हातात धरून खेळायचे यंत्र आणि त्यावरची ‘व्हॅम्पायर क्रॉनिकल : द केऑस टॉवर’ ही डिस्क. तिसरे, २०२२ मध्ये निघालेला ‘कॅपकॉम फायटिंग कलेक्शन’, ज्यात पाचही आर्केड आवृत्त्या एकत्र मिळतात. तिन्ही साधनांत पीएसपीची डिस्क सर्वांत लहान आणि सर्वांत स्वस्त आहे, तरी या प्रकल्पाचा पाया तीच आहे. त्याचे कारण पुढच्या नोंदींत सविस्तर येईल.

१२ जानेवारी

सकाळी वहीचा आराखडा आखला. पात्रांची मोजणी आधी केली, कारण तिच्यावरच पुढचे सगळे अवलंबून आहे.

पहिल्या खेळात खेळाडूला निवडता येणारी दहा पात्रे होती : डेमित्री, मॉरिगन, जॉन टॅल्बेन, व्हिक्टर, लॉर्ड रॅप्टर, अनाकारिस, फेलिशिया, बिशामोन, रिकुओ आणि सॅस्क्वॉच. ह्युइत्झिल आणि पायरॉन हे दोघे त्यात शेवटचे प्रतिस्पर्धी म्हणून येत. ‘हंटर’मध्ये ते दोघे खेळाडूच्या हाती आले आणि डोनोव्हन व लेई-लेई ही दोन नवी पात्रे आली, म्हणजे एकूण १४ झाली. ‘सेव्हियर’च्या बोर्डावर जेडा, लिलिथ, क्यू-बी आणि बुलेटा अशी चार नवी पात्रे दाखल झाली, पण डोनोव्हन, ह्युइत्झिल आणि पायरॉन यांना वगळण्यात आले, म्हणून बेरीज १५. ‘सेव्हियर २’ मध्ये ते तिघे परतले आणि त्यांच्या बदल्यात टॅल्बेन, रिकुओ व सॅस्क्वॉच गेले, म्हणून पुन्हा १५. ‘हंटर २’ मध्ये ‘सेव्हियर’ची चारही नवी पात्रे नाहीत आणि ‘हंटर’ची १४ आहेत.

सर्वांची बेरीज केली तर १०, १४, १५, १४ आणि १५ मिळून, दर खेळातल्या दर पात्राला एक याप्रमाणे, वहीचे ६८ रकाने होतात. प्रत्यक्षात वेगळी पात्रे मात्र १८ आहेत. म्हणजे आर्केडच्या कोणत्याही एका बोर्डावर ही १८ पात्रे कधीच एकत्र आली नाहीत, आणि टॅल्बेन विरुद्ध डोनोव्हन ही लढत ‘सेव्हियर’च्या नियमांनी पाहायची तर ‘सेव्हियर’चे बोर्ड आणि ‘सेव्हियर २’ चे बोर्ड शेजारी ठेवूनही उपयोग नव्हता. १८ही पात्रे एकत्र आली ती १९९८ मध्ये घरगुती यंत्रांसाठी निघालेल्या ‘सेव्हियर’मध्ये. वेगवेगळ्या खेळांच्या पद्धतींसह ती एकत्र आणली २००० मध्ये जपानमध्ये सेगाच्या ड्रीमकास्ट या घरगुती यंत्रासाठी निघालेल्या ‘व्हॅम्पायर क्रॉनिकल’ने, आणि तिचाच पुढचा अवतार पीएसपीवर आला.

१८ जानेवारी

नावांचा प्रश्न आज निकाली काढला. जपानी आणि परदेशी आवृत्त्यांत अनेक पात्रांची नावे वेगळी आहेत : टॅल्बेनला जपानमध्ये गॅलन म्हणतात, रिकुओला ऑल्बाथ, लॉर्ड रॅप्टरला झाबेल, ह्युइत्झिलला फोबॉस, आणि आपण लेई-लेई म्हणतो तिला परदेशी आवृत्तीत श्येन-को म्हणतात. वहीत दोन्ही नावे देईन, पण रकान्याच्या माथ्यावर एकच नाव राहील. सरसकट एक पद्धत न धरता, ज्या नावाने पात्राचा उगम अधिक स्पष्ट होतो ते नाव माथ्यावर घ्यावे, असे ठरवले. ह्युइत्झिल हे नाव अझ्टेक युद्धदेवतेच्या नावावरून आले आहे आणि ते पात्र त्या संस्कृतीच्या खुणा अंगावर वागवणारे यंत्र आहे, म्हणून तिथे फोबॉस चालणार नाही.

मराठी प्रतिशब्दांचा मोह मात्र आवरावा लागला. मॉरिगनला हडळ म्हणावे असे पहिल्या मसुद्यात लिहिले होते. पण आपल्याकडची हडळ उलट्या पायांची, झाडावर राहणारी, बाळंतपणात मेलेली स्त्री असते, आणि मॉरिगन ही स्कॉटलंडमधल्या वाड्यात राहणारी, स्वप्नांवर जगणारी, आपल्या वंशाची सत्ता वारशाने मिळालेली राजकन्या आहे. दोघींत रात्रीखेरीज समान काही नाही. लेई-लेई ही चिनी च्यांगशी, म्हणजे ताठ अंगाने उड्या मारत फिरणारे प्रेत आहे, आणि तिच्या कपाळावरच्या मंतरलेल्या कागदात तिची जुळी बहीण आहे. प्रेतात शिरणारा म्हणून तिला वेताळ म्हणण्याचा विचार मनात येऊन गेला. पण कोकणात वेतोबा हा आरवलीसारख्या गावांचा राखणदार देव आहे, त्याचे नाव असे सहज वापरणे मला पटले नाही. म्हणून च्यांगशी हाच शब्द ठेवला.

एका नावाने मात्र घरची वाट दाखवली. बिशामोन हा शापित चिलखताने पछाडलेला सामुराई आहे, आणि त्याचे नाव ज्या बिशामोन्तेन या देवतेवरून घेतले ती देवता म्हणजे आपला वैश्रवण, म्हणजेच कुबेर. बौद्ध धर्माबरोबर तो चीनमार्गे जपानला गेला आणि तिथे चिलखत घालून योद्धा झाला. या पात्राच्या रकान्यात ही टीप जाईल, आणि ती एका ओळीत आटपणार नाही.

२५ जानेवारी

बोर्ड आज प्रथमच सुरू केले. सीपीएस-२ ची रचना दोन डब्यांची असते : खालचा डबा सर्व खेळांना समान आणि वरचा डबा खेळानुसार बदलता येणारा. वरच्या डब्याचा रंग प्रदेश सांगतो. निळा म्हणजे जपान, हिरवा म्हणजे अमेरिका आणि युरोप, करडा म्हणजे आशिया. माझा निळा आहे.

ठोसे लागत होते, पण लाथा लागत नव्हत्या. तासभर बटणे तपासण्यात गेला आणि मग लक्षात आले की चूक बटणांत नाही. या यंत्रणेत ठोशांची तीन बटणे जामा या आर्केडच्या प्रमाणित जोडणीतून जातात आणि लाथांची तीन बटणे खालच्या डब्यावरच्या वेगळ्या जोडणीतून जातात. ती वायर अर्धवट बसली होती. दाबून बसवल्यावर सहाही बटणे लागली. ज्यांनी कधी असे बोर्ड हाताळले नाही त्यांच्यासाठी ही गोष्ट वहीच्या पहिल्याच पानावर ठळक लिहायला हवी.

मोठ्या पडद्यावर मॉरिगनला पहिल्यांदा चालताना पाहिले आणि या मालिकेची चित्रकला छायाचित्रांत का कळत नाही ते समजले. तिच्या पंखांचा आकार सतत बदलत असतो. ठोसा मारताना ते सुळके होतात, झेप घेताना मागून रेटा देणारे धुराडे होतात, आणि पुन्हा मिटताना वटवाघळांसारखे फडफडतात. झाबेलचे हातपाय करवत होतात. लेई-लेईच्या लांब बाह्यांतून काय बाहेर पडेल याचा नेम नसतो. बिशामोनच्या तलवारीचा घाव बसला की प्रतिस्पर्ध्याचे शरीर उभे दुभंगते आणि पुढच्या क्षणी सांधले जाते, आणि ही दुभंगलेली अवस्था प्रत्येक पात्रासाठी वेगळी रेखाटलेली आहे. डेमित्रीच्या ‘मिडनाइट ब्लिस’ या हल्ल्यात तर समोरचा कोणीही असो, तो क्षणभर स्त्रीरूपात पालटतो, म्हणून त्या एका हल्ल्यासाठी प्रत्येक पात्राचे एक आणखी रूप काढावे लागले. एखादे पात्र वाढवले की त्याची स्वतःची चित्रे काढून भागत नाही, इतरांच्या हल्ल्यांना त्याने द्यायची उत्तरेही काढावी लागतात. पात्र बोर्डात घ्यायचे की वगळायचे, हा निर्णय किती महाग असेल याचा अंदाज यावरून येतो.

२६ जानेवारी

काल रात्री बोर्डाच्या वरच्या डब्यातील बॅटरीचा विषय डोक्यात घोळत राहिला, म्हणून आज त्याचीच नोंद करतो.

सीपीएस-२ वरचा खेळ कूटबद्ध असतो. तो उलगडण्याची किल्ली बोर्डातल्या अशा स्मृतीत ठेवलेली असते जी वीज गेली की पुसली जाते, आणि ती जिवंत ठेवण्याचे काम ३.६ व्होल्टची एक लिथियम बॅटरी करते. बॅटरी संपली की किल्ली जाते, आणि मग चिपांमधला खेळ जसाच्या तसा असूनही बोर्ड एका रंगाच्या कोऱ्या पडद्याशिवाय काही दाखवत नाही. नकली बोर्डांना आळा घालण्यासाठी केलेली ही व्यवस्था होती आणि तिने ते काम चोख केले : १९९३ मध्ये आलेल्या या यंत्रणेचे कूट हौशी मंडळींना फुटायला २००१ साल उजाडले. पण ज्याने पैसे देऊन खरे बोर्ड घेतले त्याच्याकडचे बोर्डही त्याच नियमाने मरत गेले. २०१६ मध्ये किल्ली बाहेरून पुन्हा भरण्याची रीत प्रसिद्ध झाली, तेव्हापासून मेलेले बोर्ड उठवता येते. तरीही जिवंत बोर्डाची बॅटरी वेळेत बदलणे हाच सरळ मार्ग आहे.

दुकानदाराला बॅटरी कधी बदलली होती ते विचारले होते. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की बोर्ड त्याच्याकडे आले तेव्हाच ती जुनी होती.

१ फेब्रुवारी

पीएसपीवर आज दिवसभर काम केले.

‘केऑस टॉवर’ ही डिस्क पीएसपीच्या पहिल्या दिवसाची आहे. यंत्र जपानमध्ये १२ डिसेंबर २००४ रोजी विक्रीला आले आणि हा खेळ त्याच दिवशी त्याच्यासोबत आला. उत्तर अमेरिकेतही २४ मार्च २००५ च्या पहिल्या खेळांत तो होता. नवे यंत्र त्रिमित खेळांसाठी मिरवले जात असताना दहा वर्षे जुनी सपाट चित्रे त्याच्यासोबत ठेवण्याचे धाडस मला आजही मोठे वाटते. ज्या खेळाची ड्रीमकास्ट आवृत्ती जपानबाहेर गेलीच नव्हती, तो या डिस्कमुळे जगभर पोहोचला.

तिचे मर्म निवडीच्या पडद्यावर आहे. पात्र निवडले की लगेच ते कोणत्या खेळाच्या पद्धतीने लढणार ते विचारले जाते : ‘व्हॅम्पायर’, ‘हंटर’, ‘सेव्हियर’, ‘हंटर २’ की ‘सेव्हियर २’. समोरचा खेळाडू दुसरी पद्धत निवडू शकतो. म्हणजे १९९४ चा डेमित्री आणि १९९७ चा डेमित्री एकमेकांसमोर उभे राहू शकतात. २०२२ च्या संग्रहात पाचही खेळ आहेत, पण ते पाच वेगळ्या खोल्यांसारखे आहेत, एका खोलीतून दुसरीत जाता येत नाही. या डिस्कने मधल्या भिंती पाडल्या. माझ्या वहीला जे करायचे आहे ते या डिस्कने आधीच करून ठेवले आहे, फक्त तिने ते कुठे लिहून ठेवलेले नाही.

नियमांतले मोठे टप्पे बोर्डांवरून असे दिसतात. पहिल्या खेळातच हवेत बचाव करणे, बसून सरकणे, आणि हलक्या ठोशापासून जड लाथेपर्यंत चढत्या क्रमाने वार जोडत नेण्याची साखळी आली. विशेष शक्तीची पट्टी त्यात भरली की काळाबरोबर उतरू लागे, त्यामुळे खेळाडूला ती घाईने वापरावी लागे. ‘हंटर’ने ती शक्ती साठवायची मुभा दिली आणि लढतीचा सगळा हिशोब बदलला, कारण आता वाट पाहणे हेही एक शस्त्र झाले. ‘सेव्हियर’ने त्याहून मोठा बदल केला. त्यात एक फेरी संपली की हरलेला नव्या जीवनपट्टीने उठतो, पण जिंकणाऱ्याची जीवनपट्टी पुन्हा भरत नाही, लढत जिथे होती तिथूनच पुढे चालू राहते, आणि नुकत्याच झालेल्या इजेचा काही भाग पांढरा दिसतो व मार न खाल्ल्यास हळूहळू भरून येतो. त्यामुळे मारून मागे हटणारा खेळाडू तोट्यात जातो, लागून राहणारा फायद्यात राहतो. ‘सेव्हियर’चा वेग लोकांच्या लक्षात राहिला तो मला या नियमामुळे वाटतो, हालचालींच्या गतीमुळे तितका नाही. त्याच बोर्डावर समान ताकदीचा ठोसा आणि लाथ एकत्र दाबून मिळणारा डार्क फोर्स आला, जो प्रत्येक पात्राला थोड्या काळासाठी त्याची स्वतःची शक्ती देतो. ‘सेव्हियर २’ आणि ‘हंटर २’ मध्ये त्याचा नियम बदलला. हे रकाने भरताना सावध राहायला हवे.

२ फेब्रुवारी

आज केवळ बोटांच्या अडचणींविषयी.

आर्केडची सहा बटणे तीन-तीनच्या दोन ओळींत असतात, वर ठोसे आणि खाली लाथा, आणि तळहात त्यांच्यावर आडवा फिरतो. पीएसपीच्या पुढच्या बाजूला चारच बटणे आहेत, म्हणून उरलेली दोन वरच्या कडेला, तर्जन्यांखाली न्यावी लागतात. मी हलके आणि मध्यम वार पुढे ठेवले आणि जड ठोसा व जड लाथ कडेला नेली. मॉरिगनचा ‘डार्कनेस इल्यूजन’ ही याची खरी परीक्षा आहे, कारण त्याचा क्रम हलका ठोसा, हलका ठोसा, पुढे, हलकी लाथ, जड ठोसा असा आहे. बोर्डावर, डाव्या हाताने द्यायची दिशा सोडली तर, हा क्रम उजव्या हाताच्या एका सरकत्या हालचालीत बसतो. पीएसपीवर उजव्या अंगठ्याने दोन, मग डाव्या अंगठ्याने एक, पुन्हा उजव्या अंगठ्याने एक आणि शेवटी उजव्या तर्जनीने एक असे काम वाटले जाते. पहिल्या तासात वीस प्रयत्नांत चारदा जमले, संध्याकाळपर्यंत वीसमध्ये तेरा.

माझ्या जुन्या यंत्राची दिशाकळ तिरक्या दिशा नीट पकडत नव्हती. उघडून पाहिले तर खालच्या रबराचा एक कोपरा झिजून चपटा झाला होता. दुसरे रबर बसवल्यावर अर्धवर्तुळाची हालचाल पुन्हा लागू लागली. अशा खेळात तिरकी दिशा चुकणे म्हणजे वाक्यातले क्रियापद गळणे, त्यामुळे झिजलेल्या कळीवर घेतलेली आधीची सगळी मोजमापे रद्द केली.

८ फेब्रुवारी

भाचा क्योतोहून सुट्टीला आला आहे. त्याला इंजिनिअरिंगचे दुसरे वर्ष आहे आणि त्याच्याकडेही एक पीएसपी आहे. दोन यंत्रे आणि दोन डिस्क असल्या की बिनतारी जोडणीने समोरासमोर लढता येते, म्हणून मिश्र पद्धतींच्या लढती त्याच्याबरोबर नोंदवल्या. तो चित्रे पाहत होता आणि मी पट्ट्या.

त्याच्या नजरेने एक महत्त्वाची गोष्ट टिपली. “मामा, मोठ्या पडद्यावर ही उंच दिसत होती, माझ्या कागदावर बसकी का दिसते?” असे त्याने विचारले. बोर्डाच्या चित्रांचे बिंदू मोजून तो चौकडीच्या कागदावर मॉरिगनची रेखाकृती काढत होता. बोर्डाचे चित्र ३८४ बाय २२४ बिंदूंचे असते आणि ते चारास तीन या प्रमाणाच्या जुन्या काचेच्या पडद्यावर दाखवण्यासाठी काढलेले असते. याचा हिशोब मांडला तर प्रत्येक बिंदू चौकोनी नसतो, तो उंचीपेक्षा रुंदीला कमी, साधारण ९ ला ७ असा असतो. चित्रकारांनी ते गृहीत धरूनच आकृत्या रुंद काढल्या होत्या. चौकडीच्या कागदावर, किंवा चौकोनी बिंदूंच्या पडद्यावर, तीच आकृती जशीच्या तशी उतरवली तर ती सव्वापट फुगते.

पीएसपीचा पडदा ४८० बाय २७२ चौकोनी बिंदूंचा आहे. मूळ बिंदू जसेच्या तसे मांडले तर चारी बाजूंना पट्टी राहून चित्र मावते, पण पात्रे रुंदावतात. प्रमाण खरे ठेवून पूर्ण उंची वापरली तर रुंदीला ३६३ बिंदूच मिळतात, म्हणजे ३८४ उभ्या ओळींपैकी २१ ओळी शेजारच्या ओळींत मिसळतात. फेलिशियाच्या केसांची टोके आणि लेई-लेईच्या नखांच्या कडा अशाच एकेका ओळीवर उभ्या आहेत. सव्वाचार इंचांच्या पडद्यावर हे डोळ्याला सहज कळत नाही, पण वहीसाठी चित्र काढताना कळते. म्हणून निर्णय असा : वहीतल्या रेखाकृती बोर्डावरून घ्यायच्या आणि ९ ला ७ चे प्रमाण सुधारून छापायच्या, नियम आणि लढती पीएसपीवरून घ्यायच्या.

९ फेब्रुवारी

‘केऑस टॉवर’ या नावाचा जो स्वतंत्र प्रकार आहे तो भाच्याने खेळून पाहिला. तीन पात्रांचा संघ घेऊन मनोऱ्याचे मजले चढायचे, आणि प्रत्येक मजल्यावरच्या लढतीला काही अटी असतात. प्रवासात थोडा वेळ खेळून यंत्र मिटणाऱ्यासाठी तो चांगला आहे. वहीच्या दृष्टीने त्यात फारसे काही नाही, त्यामुळे अर्धे पान पुरेल.

२२ फेब्रुवारी

बॅटरी बदलली. हे काम तीन आठवडे टाळत होतो, त्यामुळे सविस्तर लिहितो.

वरचा डबा उघडून आधी व्होल्टेज मोजले : ३.२. नव्या बॅटरीचे ३.६ असते, म्हणजे हातात वेळ होता, पण किती ते सांगता येणारे नव्हते. किल्लीची स्मृती क्षणभरही उपाशी राहू नये यासाठी दोन पेन्सिल सेलचा एक तात्पुरता पुरवठा तयार केला आणि जुनी बॅटरी जागेवर असतानाच तो तिच्या दोन टोकांना समांतर जोडला. धन टोकाच्या वायरीत एक शॉट्की डायोड घातला, म्हणजे बोर्डावरच्या बॅटरीतला प्रवाह उलट सेलमध्ये शिरणार नाही. डायोडनंतर २.८ व्होल्ट मिळत होते.

दुसरी काळजी सोल्डरिंग आयर्नची. त्याचे टोक अर्थिंगला जोडलेले असते आणि त्या टोकाने बॅटरीचे धन टोक बोर्डाच्या ग्राउंडशी जोडले गेले, तर सगळी खबरदारी वाया जाते. म्हणून आयर्न पूर्ण तापवून त्याचा प्लग काढायचा, एक टोक सोडवायचे, पुन्हा तापवायचे, पुन्हा प्लग काढायचा, मग दुसरे टोक, असे चार फेऱ्यांत काम केले. भाचा मीटर धरून दर मिनिटाला आकडा मोठ्याने वाचत होता. जुनी बॅटरी निघाली तेव्हा आकडा ३.२ वरून २.८ वर आला आणि तिथेच थांबला. नवी बसवल्यावर ३.६ झाला. मग तात्पुरत्या वायरी काढल्या.

डबा बंद करून विजेचे बटण दाबले. पडदा काही क्षण काळा राहिला, मग तपासणीच्या ओळी उमटल्या आणि त्यांच्यामागून खेळाचे नाव आले. भाच्याने हातातला मीटर खाली ठेवला आणि तो म्हणाला, “आता हे माझ्या नोकरीपर्यंत टिकेल ना?” त्याच्या हिशोबाने पाहिले तर टिकायला हवे.

८ मार्च

६८ पैकी ४१ रकाने भरून झाले. पहिल्या खेळाचे दहाही पूर्ण आहेत, ‘हंटर’चे १४ पैकी १२, ‘सेव्हियर’चे १५, आणि उरलेल्या दोन खेळांचे मिळून ४. ‘हंटर’मधले डोनोव्हन आणि पायरॉन मुद्दाम मागे ठेवले आहेत.

डोनोव्हनला मागे ठेवण्याचे कारण लिहून ठेवतो. त्याचे पात्र मला या मालिकेत सर्वांत दुःखी वाटते. तो अर्धा राक्षस आहे, राक्षसांचा शिकारी आहे, आणि त्याच्यामागे अनिता नावाची एक मुलगी असते जी त्याच्याशिवाय कोणाजवळ राहत नाही. ‘सेव्हियर’च्या बोर्डावरून तो वगळला गेला. ‘हंटर २’ आणि ‘सेव्हियर २’ मध्ये तो परत आला, पण बाहेरच्या जगाला ती बोर्डे २०२२ च्या संग्रहापर्यंत अधिकृतपणे मिळालीच नाहीत. जपानबाहेरच्या ज्या खेळाडूला तो त्याच्या ‘हंटर’च्या पद्धतीसह पुन्हा हातात घ्यायचा होता, त्याला ही पीएसपीची डिस्क किती मोलाची वाटली असेल याची मला कल्पना करता येते. तो रकाना घाईत भरायचा नाही.

आज एक दुरुस्तीही केली. डार्क फोर्सचे ‘सेव्हियर’चे वर्णन मी दोन रकान्यांत ‘सेव्हियर २’ लाही लागू केले होते. नियम बदललेला असल्याने ते खोडले, आणि जिथे दोन आवृत्त्यांची पात्रे सारखी दिसतात तिथे आधीचा मजकूर उतरवून घ्यायचा नाही, प्रत्येक वेळी नव्याने खेळून पाहायचे, असा नियम वहीच्या आतल्या बाजूला लिहिला.

१५ मार्च

निळ्या डब्याच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर ‘बॅटरी : २२ फेब्रुवारी २०२५, ३.६ व्होल्ट’ असे मराठीत आणि खाली जपानीत लिहिले. हे बोर्ड ज्याच्या हाती जाईल त्याला दुकानदाराला विचारावे लागू नये.

पुढच्या शनिवारी भाचा येईल तेव्हा त्याने ‘हंटर’ पद्धतीचा डोनोव्हन घ्यायचा आणि मी ‘सेव्हियर’ पद्धतीचा टॅल्बेन. वीस लढती, आणि प्रत्येकीनंतर पट्ट्यांची स्थिती लिहायची.